कोल्हा, खोकड आणि इंग्रजीचा तास

शंकेखोर : तिसरीच्या मुलांना ‘फॉक्स म्हणजे कोल्हा’ असं शिकवू नये, कोल्ह्याला जॅकल म्हणावं आणि फॉक्स हा शब्द खोकडासाठी ठेवावा, असा तुमचा आग्रह आहे, बाई. प्राणिशास्त्राच्या वर्गात मी तो डोक्यावर घेतला असता. पण आपण इंग्रजी शिकवतो. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाच्या पदरात मोजके शब्द पडणार. त्यांतला प्रत्येक शब्द पुढे दहा ठिकाणी कामी यायला हवा. फॉक्स तसा आहे. तो गोष्टीत येतो, बडबडगीतात येतो, चलाख माणसाला दिलेल्या उपमेत येतो. जॅकल दहावीपर्यंत एखाद्या धड्यात भेटला तर भेटला. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा ज्यांच्या हाती खडू होता, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली होती. त्यांनी फॉक्स म्हणजे कोल्हा सांगितलं, मुलांनी ते घेतलं आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं असं मला दिसलेलं नाही. मग हा बदल कशासाठी?

आग्रही : अडलंय, सर. पण अडलेलं मूल बोलत नाही, म्हणून ते दिसत नाही. सासवडच्या, बारामतीच्या किंवा सोलापूरच्या माळावरचं मूल घ्या. त्याच्या शिवारात दोन जनावरं आहेत. एक खोकड. जेमतेम 2-3 किलो वजनाचं, लांब कानांचं, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. माळावर बीळ करून राहतं, किडे, उंदीर, बोरं खातं, माणूस दिसला की पळतं आणि जरा अंतरावर थांबून मागे वळून बघतं. दुसरा कोल्हा. 8-10 किलोंचा, पायांनी उंच, दिवस मावळला की ओढ्याच्या बाजूनं ओरडणारा. एकानं सूर लावला की चहूकडून बाकीचे साथ देतात. हे दोन प्राणी वेगळे आहेत, हे त्या मुलाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही ते वेगळेच आहेत. मुलाकडे दोन शब्द तयार, इंग्रजीत दोन शब्द तयार, आणि आपण मध्ये उभे राहून एकाचं नाव दुसऱ्याला लावतो. मग खोकडासाठी काही उरतच नाही. मूल तसं विचारत नाही. आपल्या बांधावरच्या या जनावराला इंग्रजीत नाव नसेल, असं धरून चालतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. चुकीचा शब्द पुढे दुरुस्त करता येतो. पण आपलं शिवार इंग्रजीत सांगण्याजोगं नाही अशी समजूत एकदा बसली की ती सहजासहजी जात नाही.

शंकेखोर : फॉक्सचा कोल्हा झाला तो कुणाच्या आळसानं झाला नाही, हे आधी लक्षात घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या, आधी तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयानं आणि पुढे मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या हातून. त्या मंडळींपुढे प्रश्न जनावराचा नव्हता, पात्राचा होता. गोष्टीत धूर्तपणाची भूमिका कोण करतो? आपल्याकडे ती पंचतंत्रापासून कोल्ह्याची. पिंगलक सिंहाच्या दरबारातले करटक आणि दमनक कोल्हे आहेत. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला चंडरवही कोल्हाच. इसापाच्या फॉक्सला मराठीत आणायचं तर त्याच्या जागी बसलेला हाच होता. खोकडाला कोणत्या मराठी गोष्टीत बुद्धी मिळाली आहे? ‘खोकडाला द्राक्षं आंबट’ म्हणून बघा, म्हण जागच्या जागी मरते. आता हेच उलट करून बघा. दमनक हा मंत्र्याचा मुलगा, नीतिशास्त्र कोळून प्यालेला. त्याला इंग्रजीत जॅकल म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात पहिल्या ओळीतच मढी उकरणारा, दुसऱ्याची हलकी कामं करणारा लाचार प्राणी उभा राहतो, कारण सिंहाला सावज दाखवून उष्ट्यावर जगणारा अशी त्याची तिकडे जुनी ख्याती. आर्थर रायडरनं 1925 साली पंचतंत्राचं इंग्रजी केलं, त्यात जॅकलच ठेवला. प्राण्याशी तो प्रामाणिक राहिला, पण दमनकाचा दर्जा गेला. तुम्ही तिसरीच्या मुलाला जे देऊ पाहता त्याची किंमत ही आहे. भाषेतला प्राणी अंगावरच्या केसांनी ओळखला जात नाही. लोकांनी त्याला कुठे बसवलंय, त्यावरून ओळखला जातो.

आग्रही : गोष्टीपुरतं तुमचं सगळं मान्य. छत्र्यांच्या जागी मी असते तर मीही कोल्हाच लिहिला असता. पण मूल फक्त गोष्टी वाचत नाही. आपण त्याला ‘माझं गाव’, ‘माझं शेत’ अशी पाच वाक्यं लिहायला सांगतो. ते लिहितं, आमच्या उसात फॉक्स येतात, रात्री ओरडतात, काकड्या खाऊन जातात. हे वाचणाऱ्यासमोर तांबड्या अंगाचा, पांढऱ्या शेंडीच्या शेपटीचा युरोपातला प्राणी उभा राहतो आणि तो अशी कोल्हेकुई करत नाही. आपल्या म्हणीत काकडीला राजी होणारा, आपल्या भाषेत ‘कोल्हेकुई’ ठेवून गेलेला प्राणी जॅकल आहे. मुलानं खरं पाहिलेलं, खरं ऐकलेलं लिहिलं आणि आपण दिलेल्या शब्दानं ते खोटं ठरवलं. निरीक्षणाची शिस्त लावायची आणि त्या निरीक्षणाला चुकीचं नाव द्यायचं, ही दोन कामं एकाच शिक्षकानं करू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आणि जिथे चूक महागात पडते असं उदाहरण हवं असेल तर जुन्नरला चला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात उसानं बिबट्याला घर दिलंय. तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी केंद्र आहे. तिथल्या घराघरात या प्राण्याला काय म्हणतात? वाघ. ‘काल वाघ आला होता’ म्हणजे बिबट्या आला होता. आता त्या मुलाला आपण चित्र दाखवून शिकवतो, टायगर म्हणजे वाघ. चित्रात पट्टे. मुलानं जे गोठ्यामागे पाहिलं त्यावर ठिपके. त्याच्या भाषेत दोघंही वाघ, एक पट्टेरी आणि एक बिबट्या. इंग्रजीत मात्र टायगर आणि लेपर्ड यांत एवढा फरक की वन खात्याची माणसं, औषध, पिंजरा, बातमी सगळं बदलतं. त्यात चित्ता हा तिसरा. 1952 साली तो देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, तरी बोलण्यात बिबट्याला चित्ता म्हणायची सवय टिकली. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणून सोडले, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत प्रश्न निघाला असेल, की मग आपल्याकडे होते ते कोण? कोल्हापूरच्या जुन्या माणसांना हा प्रश्न पडला नसता. संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आफ्रिकेतूनही आणवले होते. ज्यांनी प्राणी पाहिला त्यांना शब्द बरोबर माहीत होता.

शंकेखोर : लेपर्ड मी देऊन टाकतो. जुन्नरच्या मुलाला तो पहिलीत शिकवा. पण तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा लपलाय. लेपर्ड आणि पँथर हे आपल्याकडे एकाच प्राण्याचे दोन शब्द. जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागच्या नरभक्षकाला लेपर्ड म्हटलं, दक्षिणेतल्या जंगलांवर लिहिणाऱ्या केनेथ अँडरसननं त्याच प्राण्याला पँथर म्हटलं. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी संघटना उभी केली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून दलित पँथर ठेवलं. ‘दलित लेपर्ड’ हे नाव कुणाच्या मनातही आलं नसतं. प्राणी तोच, ठिपके तेच, पण पँथर शब्दात चिडून उसळणं आहे, ते लेपर्डमध्ये नाही. मूल प्राणी बघून शब्द निवडायला शिकलं, तर हा फरक त्याला कोण सांगणार?

डव्ह आणि पिजन बघा. दोन्ही एकाच कुळातले. शास्त्रज्ञाला त्यांच्यात रेघ ओढता येत नाही. ढोबळमानानं लहान तो डव्ह, मोठा तो पिजन, पण आपल्या पारव्यालाच इंग्रजीत रॉक पिजनही म्हणतात आणि रॉक डव्हही. एक शब्द उत्तरेकडच्या जुन्या जर्मानिक बोलींतला, दुसरा फ्रेंचांकडून आलेला. जुन्याला देवळातलं आणि कवितेतलं स्थान मिळालं, नव्याला बाजारातलं. 1949 च्या पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासोचं जे चित्र वापरलं त्याला सगळं जग शांततेचा डव्ह म्हणतं. समोर ठेवलेला पक्षी मातिसनं त्याला भेट दिलेलं पाळीव कबूतर होता, म्हणजे पिजन. चित्रातला पक्षी बघून मूल ‘पिजन ऑफ पीस’ लिहील आणि आपण लाल रेघ ओढू. का ओढली ते प्राणी दाखवून सांगता येणार नाही. आपलं तरी काय? दादरच्या कबुतरखान्यात सगळे पारवे. नाव मात्र कबुतरांचं, आणि त्याबद्दल पारवा न्यायालयात जात नाही.

आग्रही : म्हणजे जोड्या एका जातीच्या नाहीत, एवढं तरी आपण दोघांनी मिळून शोधून काढलं. काही जोड्यांत इंग्रजी प्राणी वेगळे करते : फॉक्स आणि जॅकल, टायगर आणि लेपर्ड, माउस आणि रॅट. काहींत ती शब्दाची संगत वेगळी करते : डव्ह आणि पिजन, पँथर आणि लेपर्ड, डाँकी आणि ॲस. बायबलात गाढवाला जो शब्द मानानं येतो तो आज वर्गात उच्चारायची सोय राहिली नाही. ही दुसऱ्या जातीची जोडी पाठ करून येत नाही, वाचून वाचून अंगवळणी पडते. तिची घाई मी करणार नाही. पण तुम्ही दुसऱ्या जातीचं उदाहरण देऊन पहिल्या जातीचा दावा खोडता, ते मला पटत नाही.

आणि तिसरी एक जात आहे, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. तिथे आपलं मूल इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा श्रीमंत आहे. शेतकऱ्याच्या पोराला विचारा. गाय व्याली की वासरू. मादी असेल तर पुढे कालवड, नर असेल तर गोऱ्हा, अंगानं भरला की खोंड. खोंड जुपायला काढायचा तर आधी त्याचं खच्चीकरण करतात, मग त्याची मान जुवाखाली बसवायला शिकवतात, मग तो बैल. न कापलेला, गाईंसाठी राखलेला तो वळू. म्हशीकडे पुन्हा वेगळं : रेडकू, पारडी, रेडा. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना शब्द आहेत : काफ, हेफर, बुल, बुलक, ऑक्स. आपण देतो काय? काउ आणि ऑक्स. तेही ओ अक्षराला दुसरं सोपं चित्र सापडत नाही म्हणून. मुलाच्या डोक्यात सातआठ खण भरलेले आणि आपण त्याच्या हाती दोनच चिठ्ठ्या ठेवतो. हा फरक कागदावरचा म्हणू नका. राज्याच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यात 2015 साली जी दुरुस्ती लागू झाली, तिनं गाईच्या जोडीला बुल आणि बुलक हे दोन शब्द आणले. म्हैस बाहेर राहिली. 2019 च्या पशुगणनेत कॅटल एका रकान्यात आणि बफेलो दुसऱ्या रकान्यात. आपण गुरं म्हणतो त्यात दोन्ही येतात. उद्या हेच पोर मोठं होऊन विम्याचा, कर्जाचा, अनुदानाचा इंग्रजी कागद वाचणार आहे. तिथे कॅटल म्हणजे सगळी गुरं असं धरून त्यानं सही केली तर?



शंकेखोर : सहीच्या वेळी तो कागदावरची व्याख्या वाचेल, तिसरीतला तक्ता आठवणार नाही. माझी भीती वेगळी आहे आणि ती मी नीट सांगतो. तुमच्या मनात आहे ते जिवंत निरीक्षण. शाळेत पोचेल ते काय? ‘फरक स्पष्ट करा.’ एका वर्गखोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला तुम्ही जोड्या दिल्या, की तो त्यांचा तक्ता करणार, तक्त्याचा प्रश्न होणार, प्रश्नाची दोन गुणांची उत्तरं होणार. ‘मला तहान लागली आहे’ एवढं इंग्रजीत म्हणता न येणारं मूल, ॲलिगेटरचं तोंड यू अक्षरासारखं आणि क्रोकोडाइलचं व्ही अक्षरासारखं असं घडाघडा म्हणून दाखवेल. सांगलीच्या अंगणवाडीच्या भिंतीवर ए फॉर ॲलिगेटर असलेला तक्ता टांगा. ॲलिगेटरच्या जगात दोनच जाती, एक अमेरिकेत, एक चीनमध्ये. शाळेपासून हाकेवर कृष्णेत मगरी आहेत, त्या क्रोकोडाइल. आणि क्रोकोडाइलच्या गोतावळ्यात सगळ्यात रुंद तोंड नेमकं आपल्या मगरीचंच, त्यामुळे पाठ केलेला यू-व्हीचा नियम तिच्यापाशीच फसतो. मुलानं नियम लावला तर घाटावरची मगर ॲलिगेटर ठरेल.

कासवाचं तर विचारूच नका. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हे टर्टल, यावर सगळ्यांचं एकमत. पण जमिनीवरच्या कासवाला इंग्लंडमध्ये टॉर्टॉइज, गोड्या पाण्यातल्याला टेरापिन, आणि अमेरिकेत मोघम बोलताना सगळ्यांनाच टर्टल. कुणाचं इंग्रजी शिकवणार? हे सगळं तुम्ही आठ वर्षांच्या मुलावर टाकलंत तर ते गप्प बसेल. चुकीचा शब्द वापरून बोलणारं मूल मला चालतं. बरोबर शब्द माहीत नाही म्हणून तोंड मिटणारं मूल मला बघवत नाही.

आग्रही : तोंड मिटणारं मूल मलाही बघवत नाही, आणि म्हणूनच मी इंग्रजीच्या जोड्यांपासून सुरुवात करा असं म्हणत नाही. मुलाच्या जोड्यांपासून करा. त्याच्या तोंडी जिथे दोन शब्द आहेत, तिथे त्याला इंग्रजीतलेही दोन द्या. जिथे एकच आहे, तिथे एकच पुरे. ते कासव म्हणतं, तर टर्टल द्या आणि पुढे चला. ते ससा म्हणतं, तर रॅबिट द्या. आपल्या रानातला ससा हेअर आहे, त्याची पिल्लं केसाळ आणि डोळे उघडून जन्मतात, पिंजऱ्यातल्या पांढऱ्या रॅबिटची उघडी आणि आंधळी जन्मतात, हे कधीतरी कळेल. त्यावाचून तिसरीत अडत नाही. पण उंदीर आणि घूस यांत मूल कधीच गल्लत करत नाही. घूस खळ्याखाली, भिंतीच्या पायात पोखरते, मांजर तिच्या वाटेला जात नाही. आपण दोघांनाही रॅट म्हणून मोकळे होतो. घुशीला इंग्रजीत बँडिकूट हा शब्द आहे आणि तो तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून, म्हणजे डुक्कर-उंदरावरून गेलाय. कोकणातलं मूल लाल तोंडाच्या माकडाला आणि काळ्या तोंडाच्या वानराला एक समजत नाही. कोण नारळ पाडतं, कोण कोवळी पालवी ओरबाडतं, कोणाला किती घाबरायचं, हे सगळं त्याला पाठ. आपण म्हणतो, दोन्ही मंकी. लंगूर शब्द इंग्रजीनं इथूनच नेलाय, तो परत द्यायला आपण का कचरतो?

अशा जोड्यांना तक्ता लागत नाही. फरक मुलाकडे आहेच. शिक्षकानं नुसता शब्द पुरवायचा.

शंकेखोर : हे तुमचं आजवरचं सगळ्यात भक्कम उत्तर आहे आणि माझी शंका आता तिथेच जाऊन बसते. मूल म्हणजे कोणतं मूल? गडचिरोलीचं, जुन्नरचं, वेंगुर्ल्याचं, की कांदिवलीच्या चौदाव्या मजल्यावरचं? पुस्तक सगळ्यांना एकच. सुसर हाच शब्द घ्या. कुठे मगरीलाच सुसर म्हणतात, कुठे लांब चोचीच्या घडियालाला. मराठीत दोन शब्द आहेत म्हणून इंग्रजीत दोन द्यायचे, तर आधी मराठीतला वाद मिटवावा लागेल.

आणि कांदिवलीच्या मुलाकडे तर खोकड नाहीच. त्यानं कोल्हा कुठे पाहिला? मराठी गोष्टींच्या पुस्तकात. तिथे चित्रकारानं काय काढलंय? तांबडं अंग, पांढरी छाती, पांढऱ्या टोकाची झुबकेदार शेपटी. म्हणजे युरोपातला फॉक्स. पिढ्यान् पिढ्या हीच चित्रं बघून वाढलेल्या मुलाच्या मराठीत कोल्हा या शब्दाचा अर्थच तो झालाय. त्याच्यासाठी फॉक्स म्हणजे कोल्हा हे भाषांतर चुकीचं नाही, तंतोतंत आहे. त्याला तुम्ही ‘कोल्हा म्हणजे जॅकल’ सांगितलंत, तर तुम्ही त्याला इंग्रजी शिकवत नाही, त्याची मराठी दुरुस्त करता. चांगलं काम आहे. पण ते इंग्रजीच्या तासाला, इंग्रजीच्या शिक्षकानं, इंग्रजीच्या गुणांच्या वाट्यातून करावं का?

आग्रही : हा प्रश्न मला झोंबला, कारण त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढं सांगते. त्या मुलाची मराठी बदलली ती आपोआप बदलली नाही. तांबड्या कोल्ह्याची चित्रं कुणीतरी काढली, ती काढणाऱ्यांनी परदेशी पुस्तकं समोर ठेवली, आणि फॉक्स म्हणजे कोल्हा या समीकरणानं त्यावर शिक्का मारला. इंग्रजीच्या तासानं मराठी शब्दाचा अर्थ सरकवला असेल, तर तो जागेवर आणायची जबाबदारी इंग्रजीच्या तासाची नाही, असं मी कसं म्हणू? शहरातलं मूल दोन प्राण्यांसमोर थांबून बघेल अशी दुसरी जागा मला दिसत नाही. मराठीच्या पुस्तकात त्याला कोल्हा हा शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून ते थांबत नाही. जॅकल शब्द अनोळखी, तो थांबवतो.

शंकेखोर : मग गव्याचं सांगा. 9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला आणि त्या धावपळीत मेला. त्या दिवशी इंग्रजीत कुणी गौर म्हटलं, कुणी इंडियन बायसन. दाजीपूरच्या जंगलाची ओळख इंग्रजीत बायसन सँक्च्युअरी म्हणूनच आहे. जंगलात काम करणारी मराठी माणसंसुद्धा बोलताना बायसन म्हणतात. प्राणिशास्त्र सांगतं की गवा हा बायसन नव्हे, तो गाईबैलांच्या जवळचा. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात, आणि अमेरिकेतल्या बायसनला तिथली माणसं बफेलो म्हणतात, जो शब्द आपण म्हशीला देतो. राधानगरीच्या मुलाला तुम्ही कोणता शब्द देणार?

आग्रही : गौर. गव्याच्या जवळचाच शब्द आहे आणि बरोबरही आहे.

शंकेखोर : आणि त्याच्या गावाबाहेरच्या पाटीवर बायसन असेल, काका बायसन म्हणत असतील, जंगल दाखवणारा वाटाड्या बायसन म्हणत असेल. हे इथलं इंग्रजी आहे, बाई. शिकारीच्या दिवसांपासून इथे रुजलेलं. मघाशी तुम्ही म्हणालात, मुलाच्या शिवारापासून सुरुवात करा. त्याच्या शिवारात इंग्रजी शब्दही राहतो आणि तो बायसन आहे. तिथे तुम्ही शिवार सोडून ग्रंथाकडे गेलात. म्हणजे तुमचा कौल नक्की कुणाच्या बाजूनं? मुलाच्या तोंडी असलेल्या भेदाच्या, की प्राण्याच्या खऱ्या जातीच्या? कोल्ह्याच्या बाबतीत ही दोन्ही एका बाजूला आली, म्हणून तुमचं म्हणणं सोपं वाटलं. गव्याच्या बाबतीत ती समोरासमोर उभी आहेत.

आग्रही : माझा कौल मुलाच्या बाजूनं आहे, आणि तिथे मला मुलाच्या दोन गरजा दिसतात. आज पाटी वाचता यायला हवी. उद्या कुणा परक्याला आपला प्राणी सांगता यायला हवा. पाटीसाठी बायसन, परक्यासाठी गौर. कोल्ह्यालाही हेच लावलं, तर गोष्टीसाठी फॉक्स आणि शिवारासाठी जॅकल, असं म्हणावं लागेल. तुम्ही मला इथवर आणलंत हे मी मान्य करते. पण त्यात एक अडचण आहे. गोष्टीच्या तासाला कोल्हा फॉक्स आणि परिसर अभ्यासाच्या तासाला तोच कोल्हा जॅकल. दोन्ही तासांना मूल एकच बसतं.

शंकेखोर : मोठ्या माणसांना हे जमतं. गॅलरी घाण करणारा पिजन आणि शांततेचा डव्ह आपण एकाच डोक्यात ठेवतो.

आग्रही : आपल्याला जमतं, कारण दोन्ही आपल्यासमोर आहेत. मुलासमोर आपण एकच ठेवतो आणि दुसरा आहे हेच सांगत नाही. दोन्ही सांगा. मग कुठे कोणता वापरायचा ते हळूहळू शिकेल.

शंकेखोर : सांगायचं केव्हा, एवढाच आता आपल्यात वाद उरलाय. मी म्हणेन सहावीत. तोवर त्याला वाक्य जुळवता येऊ दे, बोलायची भीड चेपू दे. मग जॅकल आणा, खोकड आणा, कालवडीला हेफर म्हणायला शिकवा, ते आनंदानं घेईल.

आग्रही : आणि मी म्हणेन तिसरीत, कारण सहावीपर्यंत त्यानं ठरवून टाकलेलं असतं, की इंग्रजीत बोलायचं ते पुस्तकातल्या प्राण्यांबद्दल. माळावरच्या खोकडाबद्दल बोलायचं तर मराठीत, तेही घरी. तीन वर्षांत ही सवय पक्की होते. तुम्ही त्याची भीड चेपायला ती वर्षं मागता, आणि मला तीच वर्षं हातची जाताना दिसतात.

शंकेखोर : तिसरीतल्या ज्या मुलीला आज ‘माय नेम इज’च्या पुढे जाता येत नाही, तिच्यासमोर बसून मला हे पटवून द्या. तिच्या घरामागे खोकड आहे, हे मलाही माहीत आहे.

आग्रही : मग तिला आधी ते खोकड मराठीत सांगू दे, सगळ्या वर्गासमोर, जेवढं माहीत आहे तेवढं. आणि तिचं सांगून झालं की त्यातला एकच शब्द आपण इंग्रजीत फळ्यावर लिहू. कोणता लिहायचा हे तिला विचारून.